रुपें, कांच आणि अग्नि

सुवर्णाची परीक्षा अग्नींत होते हें आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु अग्नि हा परीक्षक तसाच रंगारीही आहे आणि तोही मोठा लहरी. त्याची ही लहर आज रुप्याच्या उदाहरणानें पाहूं.

इसवी सनाच्या ९ व्या शतकांत इराकमधील कुंभारांनीं मातीच्या भांड्यांवर सोन्यासारखी झळाळी आणण्याची युक्ति साधली. तींत सोन्याचा कणही नव्हता. भांडें प्रथम कांचेचा लेप देऊन भाजीत. हा लेप म्हणजे वाळू आणि शिसें, कथील, सोडियम इत्यादि धातूंचीं ऑक्साइडें वितळून एकजीव झालेला थर. त्यावर रुप्याचीं व तांब्याचीं संयुगें, गेरूसारखी माती आणि शिरका यांच्या लगद्यानें नक्षी काढीत व भांडें पुन्हा भट्टींत ठेवीत. ही दुसरी आंच मंद, सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडची असे आणि त्या वेळीं हवा कोंडून भट्टींत धूर भरीत.

आंत काय घडतें? तेवढ्या उष्णतेनें कांच वितळत नाहीं. किंचित् मऊ मात्र होते. लगद्यांतील रुप्याचे व तांब्याचे विद्युद्‌भारित अणु तींत शिरतात आणि त्यांच्या मोबदल्यांत सोडियमचे किंवा पोटॅशियमचे अणु बाहेर पडतात. नंतर धुराच्या योगानें आंत शिरलेले अणु पुन्हा शुद्ध धातु बनतात. रुप्याला प्राणवायूची ओढ मुळांतच थोडी. त्याचें ऑक्साइड नुसत्या तापविण्यानेंही फुटतें. तांब्याला मात्र धूर हवाच. मोकळे झालेले अणु एकत्र जमून सूक्ष्म कण होतात. मिलिमीटरच्या दहा लक्षाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण अशा कांहीं थोड्या नॅनोमीटरांचे असतात आणि त्यांचा सारा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो.

असे कण प्रकाशांतील जांभळा-निळा भाग गिळतात व कांच पिवळी दिसते. ते दाट जमले कीं धातूची झळाळी येते. फॅरेडे यानें १८५७ मध्यें सोन्याच्या सूक्ष्म कणांचे रंग अभ्यासिले आणि १९०८ मध्यें गुस्टाव मी यानें त्यांचें गणित मांडलें. कुंभार त्यांच्या हजार वर्षें पुढें होते!

परंतु आंच कमी पडली तर रुपें कांचेंत शिरतच नाहीं. जास्त झाली तर कण वाढतात, रंग पालटतो आणि शेवटीं मऊ झालेल्या कांचेला लगद्याची माती कायमची चिकटते. अति तेथें माती, ही म्हण येथें अक्षरशः खरी होते. १५५७ च्या सुमारास इटलींतील चिप्रियानो पिकोलपासो यानें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे कीं, शंभर भांड्यांतून पुष्कळदां जेमतेम सहा साधतात. बाकीच्या चौऱ्याण्णवांचे श्रम, सरपण आणि रुपें फुकट!

हाच झगडा आज इमारतींच्या खिडक्यांसाठीं चालू आहे. उष्णता परतविणाऱ्या कांचेवर झिंक ऑक्साइडासारख्या थरांच्या मध्यें १० ते १५ नॅनोमीटर जाडीचें रुपें बसविलेलें असतें. कांच कणखर करण्यास ती ६०० अंशांहून अधिक तापवून झपाट्यानें निववावी लागते. रुपें वितळतें ९६२ अंशांवर. परंतु इतक्या पातळ थरांत तें त्यापूर्वींच सरकूं लागतें आणि अळवाच्या पानावरील पाण्यासारखें थेंबाथेंबांनीं गोळा होतें. थर तुटला कीं कांच धुरकट होते आणि तिचा गुण जातो. म्हणून रुप्याला लागून टायटॅनियमचा किंवा निकेल-क्रोमियमचा अतिसूक्ष्म थर देतात. आलेला प्राणवायु तो स्वतः घेतो आणि रुप्याला जागीं धरून ठेवतो.

रुप्याचे जे कण कुंभाराला हवेसे होते, तेच कांचवाल्याला नकोसे आहेत. रुपें तेंच, आंचही जवळजवळ तेवढीच. उपकार कीं अपकार, हें तिच्या मापावर आणि रुप्याच्या शेजाऱ्यावर ठरतें. आमच्या शाळांतून पदार्थांचे गुणधर्म पाठ करवून घेतात. पदार्थाला कोणत्या आंचेंतून जावें लागलें, हेंही मुलांना विचारावयास शिकविलें पाहिजे. त्या चौऱ्याण्णव भांड्यांचा धडा तोच आहे.