आधी हिशेब, मग भेट

(जत येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की जतच्या बाजारपेठेत दोन प्रकारची खोकी दिसू लागतात. अर्धा किलो मिठाईचे साधे खोके दुकानातल्या नोकराच्या हाती पडते. सुक्या मेव्याचे, चकचकीत कागदात बांधलेले खोके साहेबांच्या बंगल्याकडे रवाना होते. नेमक्या याच सुमारास तालुक्यातल्या गावागावांतून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे आपला संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचत असतात. त्यांच्या हाती खोके नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल असते, आणि तीही बहुधा आधीच खर्च झालेली. मिठाई, सुका मेवा आणि उचल या तिन्ही गोष्टी ‘दिल्या’ असेच म्हटले जाते. तथापि या तीन देण्यांमागचे अर्थकारण एक नाही. धंद्याने कोणाला, केव्हा आणि काय द्यावे, हा प्रश्न म्हणूनच शिष्टाचाराचा नसून न्यायाचा आहे.

मराठी भाषेने हे भेद पूर्वीच ओळखले होते. आहेर बरोबरीच्या माणसांत होतो आणि आज ना उद्या परत फिरतो. नजराणा खालून वर जातो. पोस्त आणि बक्षीस वरून खाली येतात. बलुते यांपैकी कशातच बसत नाही. वर्षभर केलेल्या कामाबद्दल खळ्यावर मिळावयाचा तो वाटा होता. परंतु हक्काचा हा वाटाही व्यवहारात कुणब्याच्या मर्जीवर लोंबकळत राहिला. ज्याला ‘वाटा’ म्हणायचे तो हात पसरून मागावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, त्यामागे हीच जाणीव होती. श्रमाचा मोबदला देणाऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहिला, तर धान्याबरोबर स्वाभिमानही त्याच्या पदरात टाकावा लागतो.

औद्योगिक कामगारांच्या बाबतीत हाच झगडा ‘बोनस’ या शब्दाभोवती झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी अमाप नफा कमावला, आणि त्यातला थोडा अंश कामगारांना बोनस म्हणून दिला. तेजी ओसरताच १९२३ सालचा बोनस देण्याचे त्यांनी नाकारले. १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रूढी, कायदा अथवा न्यायबुद्धी यांपैकी कोणत्याही आधारावर कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही, असा निर्वाळा समितीने दिला. थोडक्यात, मालकाने दिले ते खुशीने दिले, आणि खुशी संपली की देणे संपले.

ही भूमिका मोडून काढण्यास पाव शतक लागले. १९५० साली श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्या वादात बोनसचे सूत्र घालून दिले. घसारा, यंत्रांचे नूतनीकरण, कर आणि भांडवलावरील वाजवी परतावा वजा जाता जो वाढावा उरतो, तो भांडवल आणि श्रम या दोघांनी मिळून निर्माण केलेला असतो. म्हणून त्यात श्रमाचा वाटा आहे आणि बोनसला यापुढे मालकाची मेहेरबानी मानता येणार नाही, हे त्याचे सार होते. त्याच वर्षी समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालील मिल मजदूर सभेने बोनसच्या प्रश्नावर सुमारे दोन महिने संप लढवला. पुढे १९६५ च्या कायद्याने किमान ४ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस ठरवला. १९७२ साली किमान प्रमाण ८.३३ टक्के झाले. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी जो २० दिवसांचा संप केला, त्यातही बोनस ही एक प्रमुख मागणी होती. आणीबाणीत, १९७५ साली, वटहुकूम काढून किमान बोनसची ही हमीच काढून घेण्यात आली. १९७७ साली जनता सरकारने ती पुन्हा दिली. पन्नास-साठ वर्षांच्या या झगड्याचे सार एवढेच, की ‘पोस्त’ या खात्यातली रक्कम ‘वेतन’ या खात्यात आणण्यासाठी कामगारांना उपाशी राहावे लागले.

२०१९ च्या वेतन संहितेनेही ८.३३ टक्के हे किमान प्रमाण कायम ठेवले आहे. हा वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा होय, मात्र तो काढताना वेतनाला मर्यादा लावली जाते. वर्षात ३० दिवस काम केलेला कामगार त्यास पात्र ठरतो आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांच्या आत रक्कम द्यावी लागते. परंतु ही तरतूद २० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. जतसारख्या तालुक्यातील किती दुकाने, हॉटेले आणि कारखानवजा शेड या रेषेच्या वर येतील? द्राक्षबागेत छाटणी करणारी मजूर स्त्री या रेषेच्या बाहेर आहे. ऊसतोडणी कामगार तर कारखान्याच्या हजेरीपटावरच नाही. कोयत्याची उचल वरवर मदत दिसते, वस्तुतः ती पुढच्या हंगामाच्या श्रमावर आगाऊ चढवलेले कर्ज असते. जेथे कायदा थांबतो तेथे मिठाईचे खोके सुरू होते, आणि नेमके तेथेच कार्यकर्त्याने सावध असले पाहिजे.

सहकाराच्या क्षेत्रातही हा घोटाळा आहे. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावयाचे असतात, आणि विलंब झाल्यास व्याजासह. ते रखडवून ठेवायचे आणि सणाच्या तोंडावर ‘दिवाळीचा हप्ता’ जाहीर करून अध्यक्षांचे छायाचित्र छापायचे, यात कोणतेही औदार्य नाही. दूध संघ दिवाळीपूर्वी जो दरफरक वाटतात, तोही उत्पादकाच्याच दुधाचा पैसा असतो. स्वतःचाच पैसा हार घालून स्वीकारण्याची सवय लागलेला शेतकरी वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारत नाही.

आता दुसऱ्या खोक्याकडे, म्हणजे साहेब, गिऱ्हाईक आणि सल्लागार यांच्याकडे जाणाऱ्या भेटीकडे वळले पाहिजे. किराणा दुकानदार सामान बांधून झाल्यावर लहान मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. त्या खड्याने कोणाचे नुकसान होत नाही, कारण पैसे मोजणारा आणि भेट घेणारा एकच आहे. बिघाड होतो तो निर्णय एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असतो तेव्हा. औषध कंपनी डॉक्टरला भेट देते, आणि तिची किंमत रुग्ण भरतो. अशा भेटी घेण्यास डॉक्टरांना २००९ साली मनाई झाली. त्या भेटींवरचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी नोकराला लाच देणारी व्यापारी संस्थाही गुन्हेगार ठरते. परंतु बागायतदाराचा सल्लागार असलेला कीटकनाशकांचा विक्रेता या चर्चेत क्वचितच येतो. विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या विक्रेत्यांना सहली घडवण्याची पद्धत या धंद्यात रूढ आहे. अशा विक्रेत्याने सांगितलेली फवारणी वेलीच्या गरजेची की सहलीच्या गरजेची, हे डाळिंब आणि द्राक्षाच्या उत्पादकाने कसे ओळखावे? बाटलीचे पैसे त्याचे जातात आणि विमानात दुसराच बसतो.

यावर एक आक्षेप येईल. मग धंद्यात माणुसकीला जागाच नाही काय? सणाला नोकराच्या मुलाला कपडे घेणारा दुकानदार काय पाप करतो? तो पाप करीत नाही. जिव्हाळ्याला जागा आहे आणि ती राहिलीही पाहिजे. मात्र तिची वेळ हिशेब पुरा झाल्यानंतरची आहे. व्यापारी परंपराही हेच सांगते. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते, जुने खाते मिटते आणि पाडव्याला नवे उघडते. पूजा वहीची आधी, फराळ मागाहून.

यातूनच काही कसोट्या निघतात. किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस चुकता झाल्यावरच भेट द्यावी, आणि भेटीची किंमत बोनसमधून कापू नये. जे द्यायचे ते व्यवस्थापकापासून कंत्राटी झाडूवाल्यापर्यंत सर्वांना सारखे द्यावे. हंगामी मजुराचा हंगाम संपतो तो दिवस त्याची दिवाळी मानावी. ऊसतोडीहून कुटुंबे उन्हाळ्यात परततात, द्राक्षांचे पैसे फाल्गुन-चैत्रात येतात. कार्तिकातल्या खोक्याचा त्यांना काय उपयोग? जो आपल्या मालाविषयी, बिलाविषयी वा परवान्याविषयी निर्णय करणार आहे, त्याला सणाच्या नावाने काहीही देऊ नये. आणि भेट नाकारणाऱ्याचे काहीही बिघडणार नाही, याची खात्री असावी. जी नाकारता येत नाही ती भेट नव्हे.

ही कसोटी कार्यकर्त्यांनी स्वतःलाही लावावी. उत्सवाची वर्गणी आणि विशेषांकाची जाहिरात ज्या व्यापाऱ्याकडून घेतली, त्याच्याच दुकानातील नोकराच्या किमान वेतनाबद्दल बोलताना जीभ जड होते, हा अनुभव चळवळीला नवा नाही.

येत्या दिवाळीपूर्वी बाजारपेठेतील नोकर आणि शेडवरील मजूर यांना एकच गोष्ट शिकवता आली तरी पुष्कळ झाले. मिठाईचे खोके जरूर आनंदाने घ्यावे, पण त्याआधी वर्षाचा हिशेब लेखी मागावा. हिशेब मागणाऱ्यालाही जो मालक हसतमुखाने खोके देईल, त्याचीच दिवाळी खरी गोड.