पहिल्या घंटेच्या आत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. तो व्हायलाच हवा. परंतु त्या गुणांचा पाया पहिली ते चौथीच्या वर्गात घातला जातो. तेथे आपली मुले रोज आणि वेळेवर पोचतात काय, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. हजर दिवसाला एक रुपया आणि अट ७५ टक्के हजेरीची. १९९५ साली शालेय पोषण आहार योजना आली, तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळत. दंड झाला, भत्ता झाला, तांदूळही झाला. पण सकाळी मुलाला उठवून, आंघोळ घालून, दप्तरासह वेळेवर घराबाहेर काढणे हे काम कोणतेही सरकार करू शकत नाही. ते घराचेच काम आहे.

आम्ही बँकेतली माणसे, आम्हांला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरवले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. मूल रोज फक्त १५ मिनिटे उशिरा गेले तर वर्षात ५० तास बुडतात, म्हणजे शाळेचे साडेबारा दिवस! आणि सहा दिवसांच्या आठवड्यात बाजाराचा एक दिवस नेहमी बुडाला, तर ३३ दिवस गेले. बँकेत चुकलेला हप्ता दंडासह भरता येतो. शाळेचा बुडालेला दिवस भरून घेणारी खिडकी मात्र कोठेच नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. हातच्याची वजाबाकी ज्या दिवशी शिकवली त्या दिवशी मूल नसले, तर पुढचा आठवडाभर त्याला काही उमगत नाही. उशिरा येणारे मूल परिपाठ संपल्यावर दाराशी उभे राहते, सगळा वर्ग त्याच्याकडे पाहतो. मग दुसऱ्या दिवशी त्याचे पोट दुखू लागते. शाळेची गोडी अशी हळूहळू सुटते.

विद्यार्थी मित्रहो, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. ते अपमान सोसूनही त्यांनी शाळा सोडली नाही. म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी केवळ हार घालून भागणार नाही.

आपल्या अडचणी आम्हांला ठाऊक आहेत. नळाला पाणी सकाळीच येते, आई-वडील पहाटे कामाला जातात. ऊसतोडीला जाणारे कुटुंब तर मुलांना घेऊनच निघते. अशा वेळी लहान भावंडाला सांभाळायला घरी थांबते ती बहुधा मुलगीच. म्हणून आमच्या काही सूचना आहेत. दप्तर आणि गणवेश रात्रीच तयार ठेवावा. वस्तीतल्या मोठ्या मुलांनी लहानांना हाका मारत, सोबत घेऊन निघावे. लग्नकार्ये शक्यतो सुट्टीत धरावीत. धाकट्यासाठी थोरलीची शाळा बुडवू नये, त्याला अंगणवाडीत घालावे. गावाबाहेर कामाला जाणाऱ्यांनी आधी गुरुजींना भेटून मुलाच्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. आजारी मुलाला मात्र विश्रांती द्यावी, आणि गुरुजनांना आमची विनंती की उशिरा आलेल्या मुलाला दाराबाहेर ठेवू नये.

पुढील वर्षापासून गुणवंतांच्या बरोबरीने वर्षभर नियमित हजर राहणाऱ्या चिमुकल्यांचाही याच व्यासपीठावर सत्कार व्हावा, अशी सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!