जब्याचा दगड

(सांगवी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वयात येणाऱ्या मुलांवर मराठीत चांगले सिनेमे झाले. ‘विहीर’, ‘शाळा’, ‘किल्ला’ तुम्ही पाहिले असतील. मी आज नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’वर बोलणार आहे. १४ फेब्रुवारी २०१४ला, ऐन प्रेमाच्या दिवशी, तो थिएटरात लागला.

‘शाळा’तला मुकुंद जोशी आणि ‘फँड्री’तला जब्या शेजारी उभे करून पाहा. दोघंही शाळकरी, दोघांचाही वर्गातल्या मुलीवर जीव जडलेला. मुकुंदपुढे प्रश्न असतो, तिला सांगू कसं? जब्याची अडचण त्याच्याही आधीची. आपल्या घरचे कैकाडी, गावाची डुकरं धरणारे. हे वर्गातल्या शालूच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून काय करू? म्हणून त्याला जीन्स हवी, म्हणून तो काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. तिची राख टाकली की मुलगी वश होते, असं त्याला गावातल्या चंक्यानं सांगितलेलं असतं.

पण जत्रेत डुक्कर शिरतं आणि ते धरण्याचा हुकूम बापाला, कचरूला, सुटतो. सोमनाथ अवघडेचा जब्या वर्गमित्रांपासून तोंड लपवत फिरतो, किशोर कदमांचा कचरू त्याला सगळ्यांदेखत मारतो आणि गाव तमाशा बघावा तसं हसतं. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब ताठ उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. पुढे शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकर, सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून पकडलेलं डुक्कर नेलं जातं. यावर कुणी एक शब्द बोलत नाही. बोलायची गरजही पडत नाही.

फ्रान्सच्या दिग्दर्शक त्रुफोनं १९५९ साली ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये पळून आलेल्या मुलाला समुद्रकाठी थांबवलं आणि आपल्याकडे बघायला लावलं. जब्याही शेवटी आपल्याकडेच वळतो, पण हातात दगड घेऊन. तो दगड थेट प्रेक्षकांवर येतो, कारण हसणाऱ्यांच्या गर्दीत आपणही बसलेलो असतो. मुलगा मोठा होतो तो त्या क्षणी. आपण कोण, हे इतरांनी परस्पर ठरवून टाकलंय, हे त्याला कळतं आणि ते तो नाकारतो.

हे खेड्यातलं, असं म्हणून सांगवीकरांना सुटता येणार नाही. सोलापूर, लातूर, बीडकडून कारखान्यांच्या भरवशावर आलेली घरं आपल्या गल्लोगल्ली आहेत. कंपनीच्या गेटवर माणसाला टोकन नंबर विचारतात. संध्याकाळी खोली शोधताना मात्र पहिला प्रश्न येतो, “आडनाव काय?” शेजारी उभं असलेलं त्याचं पोर तो प्रश्न ऐकतं आणि बापाचा बदललेला चेहरा बघतं. त्या पोराचं वयात येणं तिथूनच सुरू होतं.

‘फँड्री’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, सोमनाथलाही मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या. आता एवढंच करा : हा सिनेमा घरच्या मुलांबरोबर बसून बघा, आणि खोली भाड्यानं देताना डिपॉझिट विचारा, करार करा, जात विचारू नका.