जेऊरच्या आकाशाखाली आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, देशभरातून आलेले शास्त्रज्ञ आणि माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

आई कमलाभवानीच्या करमाळा तालुक्यात, आमच्या जेऊर गावी मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. देवीचे शहाण्णव खांबांचे देऊळ पाहावे, उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे रोहित पाहावेत. पण जेऊरचे खरे वैभव म्हणजे २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण! त्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी इथे तळ ठोकला. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही चाळीस फुटी कॅमेरा घेऊन इथेच आले. हे सारे जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी! भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून नायगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभारली. १९१२ मध्ये ती बंद झाली, वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली, आणि त्यांचे नाव मागे पडले. रेल्वे स्टेशनाजवळ त्यांचा स्मृतिफलक व्हावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

आपला विषय दीर्घिकांच्या अवरक्त पार्श्वप्रकाशाचा. त्यातले मला उमगले ते एवढे : सूर्य झाकला तेव्हाच इथे प्रभामंडळ दिसले. आजवरच्या साऱ्या ताऱ्यांचा आणि त्यांच्यामुळे तापलेल्या धुळीचा हा मंद उजेडही आपल्याच सूर्यमालेतल्या धुळीच्या झगमगाटात हरवतो, आणि ती धूळ झाकायला चंद्र नाही. म्हणून आपण ब्लेझार नावाच्या दूरच्या तेजस्वी दीर्घिकांकडून येणाऱ्या गॅमा किरणांना विचारता. वाटेत या उजेडाच्या कणाशी गाठ पडली, की दोघेही नाहीसे होऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. किती किरण वाटेत गळाले, यावरून उजेड किती ते कळते. २००६ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी असाच अंदाज बांधला. लडाखमधल्या हानले येथे गॅमा किरणांचाच वेध घेणारी आपली २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण उभी आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

गाव लहान आहे. निवासाची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली, गरम पाणी सकाळी साडेसहापर्यंतच मिळेल, वीज गेल्यास जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. या साऱ्या उणिवांबद्दल क्षमा असावी. मंडप देणारे व्यापारी, केळीचे घड पाठवणारे बागायतदार, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, सतरंज्या अंथरणारे विद्यार्थी, पाण्याचे टँकर देणारे शेतकरी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे दाते यांचा स्वागत समिती शतशः आभार मानते.

रात्री मंडपातले दिवे दहाला मालवू. आकाश मोकळे आहे. आमचे आतिथ्य गोड मानून घ्यावे आणि परिषदेचे कामकाज सुरू करावे, ही विनंती.