इंद्रलोकात भांडवल कुणाचं?

(इंद्रलोक, भाईंदर पूर्व इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मित्रांनो, मैत्रिणींनो आणि या दोन्ही शब्दांत न मावणाऱ्या साथींनो,

आपल्या वस्तीचं नाव इंद्रलोक. बिल्डरनं दिलेलं. पोथीतल्या इंद्रलोकात काय घडलं, आठवतं? उर्वशीनं अर्जुनाला शाप दिला, तू नपुंसक होशील. मग त्याची बृहन्नडा झाली आणि विराटाच्या वाड्यात तिला नाच शिकवायची नोकरी लागली. म्हणजे त्यांच्या पोथीत असं जगणं हा शाप, आणि तोही एका वर्षापुरता. वर्ष संपलं की क्षत्रियाला धनुष्य परत. आपल्या साथींना परत मिळायला धनुष्यच नाही. त्यांना लोकलच्या डब्यातली मंगती आणि दारावरची बधाई. तिसरं काही मागितलं की लोक हसतात.

आज त्या तिसऱ्याबद्दल बोलायचंय. धंद्याबद्दल. भांडवलाबद्दल.

काहीजण म्हणतील, पँथरच्या पोरांनी स्टार्टअपवर कसलं बोलायचं? मी म्हणतो, बाबासाहेबांपासून सुरू करा. १९१७ ला बडोद्याचा अपमान गिळून ते मुंबईत आले. शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी काढला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, गिऱ्हाईक येऊ लागलं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक बंद. अक्कल तीच, सल्ला तोच. जात कळली, धंदा बसला.

आता हीच गोष्ट आपल्या एका मैत्रिणीची ऐका. नाव सांगत नाही. ती तृतीयपंथी, जातीनं आपल्यातली. डब्यांचा धंदा करायचा म्हणते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथल्या कामगारांना दुपारचं जेवण. हिशेब चोख. बँकेत गेली. साहेबानं विचारलं, जामीनदार कोण? वडलांची सही? घराचे कागद? घरानं तिला सतराव्या वर्षी हाकललं. आधार कार्डावर नवं नाव, शाळेच्या दाखल्यावर जुनं. जातीचा दाखला काढायचा तर १९५० पूर्वीचा पुरावा हवा, आणि तो वडलांच्या पेटीत. पेटीला कुलूप.

इथं गोम आहे. या देशात भांडवल बाजारातून येत नाही, घरातून येतं. मारवाड्याचं पोरगं काकाच्या गादीवर बसतं, आयआयटीचं पोरगं मित्राच्या बापाला फोन करतं. आपल्या बापाकडं गादी नव्हती, निदान दाखला होता. ज्याला घरानंच तोडलं त्याचा तोही गेला. जातीनं एकदा लुटलं, घरानं दुसऱ्यांदा. हे दोन्ही घाव एकाच अंगावर घेणारे किती? २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४ लाख ८७ हजार माणसं. त्यातली ७८ हजारांवर अनुसूचित जातींची. आणि ही फक्त नोंदवलेली.

योजना नाहीत असं नाही. महात्मा फुले महामंडळ १९७८ चं. आजचे सुटाबुटातले 'सीड फंड' म्हणतात, आपल्याकडं त्याला केव्हापासून बीजभांडवल म्हणतात. अर्जदाराचे ५ टक्के, महामंडळाचे २०, बँकेचे ७५. म्हणजे कुलपाची किल्ली शेवटी बँकेकडं. मुद्रा २०१५ ला आली, तारणाशिवाय कर्ज. स्टँडअप इंडिया २०१६ ला आली, १० लाख ते १ कोट, दलित-आदिवासी आणि स्त्रियांसाठी. तृतीयपंथी म्हणून वेगळा रकाना त्यात नव्हता. स्टार्टअप इंडियाचा १० हजार कोटींचा निधी त्याच वर्षीचा. तो पैसा कुणाच्या ओळखीनं फिरतो, हे विचारायला नको.

कायदाही हलला. २०१४ चा नालसा निकाल सांगतो, तृतीयपंथीयांना मागास समजा, आरक्षण द्या. २०१५ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना अर्जांत तृतीय लिंगाचा रकाना घालायला सांगितलं. २०१८ ला ३७७ ची धार गेली. त्याआधी 'बॉम्बे दोस्त' १९९० ला निघाला, शोभना कुमारांनी 'क्वीअर इंक' २०१० ला काढलं, डोक्यावर ३७७ टांगलेलं असताना. हिंमत कमी नव्हती. २०२४ ला सरकारनं सांगितलं, समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आडकाठी नाही. छान. पण खात्यात टाकायला पैसा?

आणि परदेशाच्या भूलथापा नकोत. अमेरिकेतल्या स्टार्टआऊट या संस्थेचा हिशेब सांगतो, २००० सालापासून तिथल्या स्टार्टअप भांडवलात समलिंगी-तृतीयपंथी संस्थापकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. जून महिन्यात कंपन्या सप्तरंगी झेंडा लावतात. झेंडा स्वस्त असतो.

आता आपल्या अंगणात या. चळवळीत आपण काय करतो? मोर्च्यात टाळी वाजवणाऱ्या साथीला पाहून कोण हसतं? बामण नव्हे, आपणच. गुरूच्या घरात तिला आसरा मिळतो, पण गुरू बदलायचा तर दंड भरावा लागतो. तेही कर्जच. आपण दार उघडलं असतं तर तिला एवढं एकच दार उरलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं. एक, दर रविवारी इथं कागदांचं टेबल लावा. जिल्हाधिकाऱ्यांचं तृतीयपंथी प्रमाणपत्र, नावबदल, जातीचा दाखला. आपल्यातले वकील, कारकून बसतील. दोन, भिशी. वीसजण, महिन्याला पाचशे, म्हणजे दर महिन्याला दहा हजार. पहिला हप्ता डब्यांच्या धंद्याला. आपल्या आयांनी गल्लीगल्लीत हीच बँक चालवली, तिचा जामीनदार शेजारी असे. तीन, मागणी. कर्नाटकनं २०२१ ला नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना १ टक्का समांतर आरक्षण दिलं. महामंडळाच्या कर्जात तसाच वाटा महाराष्ट्रानं द्यावा, आणि जिथं बाप सही देत नाही तिथं सरकारनं जामीन राहावं.

ती मैत्रीण आज इथं मागच्या रांगेत बसलीय. दया मागायला आलेली नाही. हिशेबाची वही घेऊन आलीय. बैठक संपल्यावर वही बघा, चूक दिसली तर सांगा. चूक नसेल तर पाचशे रुपये काढा.

जय भीम.