व्हिसाची तारीख स्वतः सांभाळा

(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण शेवटच्या वर्षाला आहेत. परीक्षा, नोंदणी, दोन वर्षांचा अनुभव आणि मग आखात, असा हिशेब घरोघरी मांडून झालेला असतो. मी बारा वर्षं दुबईत स्टाफ नर्स होते. पगार किती, सुट्टी किती, हे तुम्ही विचारालच. मी मात्र सहसा कुणी विचारत नाही त्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. व्हिसा संपल्यावरही तिथेच राहिलेल्या नर्सचं पुढे काय होतं?

अशी बाई जाणूनबुजून कायदा मोडते, असा आपल्याकडे समज आहे. मी पाहिलेल्यांत तशी एकही नव्हती. आमच्या कोकणातलीच एक मुलगी तिथे एका छोट्या दवाखान्यात होती. मालकाने आधी पगार थकवला, मग दवाखाना बंद केला, मग फोन उचलणं सोडलं. तिचा व्हिसा संपत आलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. इकडे एजंटला देण्यासाठी काढलेलं कर्ज अब्बांच्या डोक्यावर. "रिकाम्या हाताने घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणून ती थांबली. महिनाभर थांबायचं ठरवलं होतं, आठ महिने झाले.

या आठ महिन्यांचा हिशेब मांडू. संयुक्त अरब अमिरातीत व्हिसा संपल्यावर निघण्यासाठी सवलतीची मुदत मिळते. ती संपली की रोज ५० दिरहम दंड. २४० दिवसांचे १२ हजार दिरहम. पगार नाही आणि दंड चालू. व्हिसा संपला की एमिरेट्स आयडी संपतो, बँकेचे व्यवहार अडतात, आरोग्य विमा जातो. रुग्णांची सेवा केलेली नर्स स्वतः आजारी पडली तरी दवाखान्यात जायला घाबरते. चोरून दुसरीकडे काम केलं तर तो वेगळा गुन्हा, आणि तिथे पगार बुडवला तर तक्रार करायचीही भीती.

नर्सला आणखी एक फटका बसतो. तिथलं लायसन्स दवाखान्याशी जोडलेलं असतं. नोकरी गेली की त्या लायसन्सवर काम करता येत नाही, आणि अनुभवात खंड पडतो. हद्दपारी झाली तर सरकारच्या परवानगीशिवाय त्या देशात परत जाता येत नाही. उद्या ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं, तर तिथल्या व्हिसाच्या अर्जातही जुन्या हद्दपारीबद्दल विचारतात. खोटं उत्तर दिलं तर तेही अंगाशी येतं.

या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा कर्जात असतं. २०१५ साली केरळमध्ये कुवेतच्या भरतीचं प्रकरण उघडकीला आलं. १९,५०० रुपयांच्या जागी एकेका नर्सकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप होता. त्याच वर्षी सरकारने नियम केला, की ईसीआर यादीतल्या १८ देशांत कामाला जाणाऱ्या नर्सला एमिग्रेशन क्लिअरन्स लागेल, तिचा पासपोर्ट ईसीएनआर असला तरी. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ," असं कुणी म्हणालं, मग तो तुमचा मामू असो की मोहल्ल्यातला हाजी, तर तिथूनच सलाम करून उठा.

अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा तुमच्या बाजूनेही बोलतो. भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला न्यायालयाची फी नाही. पण हे सगळं तक्रार करणाऱ्याला मिळतं, लपणाऱ्याला नाही.

म्हणून पगार पहिल्यांदा थकला की तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार करा. व्हिसा जिवंत असताना केलेल्या तक्रारीला वजन असतं. पासपोर्ट, करारपत्र आणि व्हिसाचा फोटो घरी भावंडांकडे पाठवून ठेवा. अडचण आली तर भारतीय वाणिज्य दूतावास आणि दुबईतलं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. पासपोर्ट हाती नसेल तर परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. दूतावासाचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. कामगाराची चूक नसेल आणि गरज खरी असेल, तर त्यातून तिकिटाला आणि दंडालाही मदत होऊ शकते. ती मुलगी शेवटी याच वाटेने घरी आली. हे सगळं आधीही होतंच, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अमिरातीने २०१८ आणि २०२४ मध्ये माफीची मुदत दिली. हजारो लोक दंड न भरता सुटले. पण पुढची माफी कधी येईल, यावर कुणी आयुष्य टांगून ठेवू नये.

शेवटचं घरच्यांसाठी. मुलगी फोनवर "परत यावं लागेल" म्हणाली, तर "लोक काय म्हणतील" हे तिला ऐकवू नका. तिचे आठ महिने त्या एका वाक्यापायी गेले. तिला सांगा, "ये बेटा, कर्जाचं मिळून बघू."

आता तुमचे प्रश्न विचारा. पगाराचेही चालतील.