परसातली कळलावी

भाद्रपदात गौरी आणायला निघालेल्या कोकणातल्या मुलींच्या हातांत तेरड्याबरोबर आणखी एक फूल दिसते. खाली पिवळे, वर लाल, आणि चुलीतला जाळ वाऱ्याने वर उसळावा तशा त्याच्या पाकळ्या वर उसळलेल्या. आमच्या गावाकडे त्याला 'गौरीचे हात' म्हणतात. संस्कृतात त्याचे नाव अग्निशिखा. आणि मराठीत सर्वतोमुखी असलेले नाव म्हणजे कळलावी. नाव ऐकूनच कपाळाला आठी पडावी असे हे नाव आहे. कळलाव्या माणसाला आपण ओटीवर बसू देत नाही. मग कळलावी परसात कशाला लावायची, असे तुम्ही विचाराल. माझ्या आईनेही हेच विचारले होते. तिला काय उत्तर दिले ते पुढे सांगतो. आधी फुलाविषयी.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. जे सांगणार आहे ते पंधरा वर्षांत केलेल्या चुकांतून शिकलेले आहे. शिवाय वनस्पतिशास्त्राचे आमचे एक सहकारी अधूनमधून माझे कान उपटतात, त्याचाही त्यात वाटा आहे.

कळलावी हा बहुवर्षायू वेल. बहुवर्षायू खरा, पण वर्षातले सहासात महिने तो जमिनीच्या वर दिसतच नाही. मृगाचा पाऊस पडला की गडग्याच्या दगडांतून, करवंदीच्या जाळीतून त्याचा हिरवा कोंब वर येतो. आधाराला धरायचे तर इतर वेलांसारखे वेगळे ताणे त्याला नाहीत. पानाचे टोकच निमुळते होते, त्याची गुंडाळी होते आणि सापडेल ती काडी ते धरून बसते. आषाढ-श्रावणात फुले येऊ लागतात. कळी खाली मान घातलेली असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. पहिल्या दिवशी फूल हिरवट-पिवळे असते, मग वरून लाल होत जाते, आणि काही दिवसांत सगळेच लालभडक होते. म्हणून एकाच वेलावर चार वयांची चार रंगांची फुले एकदम दिसतात. सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले असतात, आणि मधली कुक्षिवृंताची काडी मुळाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेली असते. आपलेच पराग सहजी आपल्यावर पडू नयेत म्हणून ही तजवीज. तमिळनाडूत बियांसाठी या वेलाची शेती होते, तिथे शेतकरी पराग हाताने फुलोफुली लावीत जातात. हे त्या राज्याचे राज्यपुष्पच आहे. लिनीयसने १७५३ साली याला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिले. वैभवशाली आणि वर भव्य! दोन्ही विशेषणे एकाच फुलाला देताना त्या शिस्तीच्या माणसाचाही हात जरा सैल सुटला असावा.

आता लागवड. माझा पहिला कंद मी गावच्या गडग्यातून कुदळीने उकरला. कळलावीचा कंद बटाट्यासारखा नसतो. तो बोटाएवढ्या जाडीचा, मध्येच कोन करून वळलेला, नांगराच्या आकाराचा असतो. म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. बटाट्याला जागोजाग डोळे असतात, तुकडा लावला तरी चालतो. इथे तसे नाही. कंदाच्या प्रत्येक हाताला टोकाशी एकच डोळा असतो. तो मोडला की तो हात गेला. माझ्या कुदळीने नेमकी टोके उडवली होती. तो कंद मी कुंडीत लावला, सबंध पावसाळा तिच्याकडे डोळे लावून बसलो, आणि कुंडीत आले ते गवत.

तेव्हा पहिली सूचना ही : कंद रानातून उकरून आणू नका. एक तर राखीव जंगलातून असे काही आणणे हा गुन्हा आहे. दुसरे म्हणजे औषधांच्या व्यापारासाठी रानातले कंद आधीच बेसुमार खणले जातात. त्यात आपली भर कशाला? ज्याच्या बागेत वेल आहे त्याच्याकडून किंवा चांगल्या रोपवाटिकेतून एक-दोन कंद घ्या, आणि अंडी आणावीत तसे घरी आणा. बियांपासूनही वेल होतो, पण फूल पाहायला तीन-चार वर्षे थांबावे लागते.

लावण्याची वेळ वैशाखाची अखेर. कुंडी १२ इंच खोल तरी हवी, आणि तिच्या बुडाची भोके मोकळी हवीत. दोन वाटे पोयट्याची माती, एक वाटा जाड वाळू, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत. ताजे शेण नको, त्याने कंद सडतो. नुसती काळी माती तर मुळीच नको. पावसात ती घट्ट बसते, पाणी धरून ठेवते. कंद उभा न लावता आडवा ठेवा, डोळ्याला धक्का लावू नका, आणि वर दोन-तीन इंच माती ओढा. कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर राहील इतकेच पाणी. कोंब दिसायला तीन-चार आठवडेही लागतात. रोज उकरून बघण्याचा मोह आवरावा.

आधार द्यायचा तो बारीक काड्यांचा. जाड बांबू रोवला तर पानाच्या टोकाला तो धरताच येत नाही, आणि वेल बिचारा त्याच्या पायाशी लोळत राहतो. वाळकी झुडपाची फांदी, तारेची जाळी, नाहीतर शेजारची जास्वंद उत्तम. वेल पाच-सहा फूट सहज चढतो. मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन, विशेषतः सकाळचे, असे त्याला आवडते. शेंडा मात्र जपायचा. तो मोडला की त्या वर्षीची फुले बहुधा गेलीच. श्रावणात एक अळी येते, काळी, अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेली. लिलीच्या कुळातल्या झाडांवर तिचा डोळा असतो, आणि दोन दिवसांत ती वेलाच्या काड्या करते. फवारणी कशाला? सकाळी पानांची मागची बाजू पाहावी आणि काडीने अळ्या वेचून काढाव्यात.

हे सगळे केले की फुले येतात. पण खरी परीक्षा फुले गेल्यावर सुरू होते.

नवरात्र संपता संपता पाने पिवळी पडू लागतात. दिवाळीच्या सुमारास वेल पार वाळतो. माझ्या दुसऱ्या कंदाचे असेच झाले, तेव्हा मला वाटले, आपलेच काही चुकले. मी पाणी वाढवले, खत घातले. तरी वेल वाळलाच. मग निदान मुळे तरी जगावीत म्हणून सबंध उन्हाळा रोज संध्याकाळी त्या रिकाम्या कुंडीला एक तांब्या पाणी घालीत राहिलो. ज्येष्ठात माती उकरली तर आत कंदाचा लगदा झालेला. आमचे सहकारी म्हणाले, "तुम्ही त्याला प्रेमानं मारलंत." आणि ते खरेच होते. तो वेल मेला नव्हता, झोपला होता. जुना कंद त्या एका पावसाळ्यात खर्ची पडतो आणि जाता जाता आपल्या जागी नवा कंद तयार करून ठेवतो. हे काम पाने पिवळी होईपर्यंत चाललेले असते. म्हणून हिरवा वेल कापू नये. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करावे, वेल वाळला की अगदी बंद करावे. कुंडी पागोळीखाली न ठेवता कोरड्या आडोशाला ठेवावी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहावे : आत कंद आहे. नाहीतर रिकामी कुंडी पाहून घरातलेच कोणीतरी तीत कोथिंबीर पेरते. दर दोन वर्षांनी, वैशाखात, माती बदलावी आणि वाढलेले कंद वेगळे करावेत. हातमोजे घालून.

हातमोजे का, ते आता सांगतो. आईला दिलेल्या उत्तराची गोष्टही इथेच येते.

मी कळलावी आणली तेव्हा आई म्हणाली होती, "अरे, ही घरात नको. हिच्या पायी घरात भांडणं होतात." मी हसलो. शब्दांची व्युत्पत्ती सांगणे हा माझा धंदाच. बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी पूर्वी या कंदाचा उपयोग करीत, त्यावरून कळ लावी ती कळलावी. भांडणाचा अर्थ मागाहून चिकटला असेल, असे एक छोटेसे व्याख्यान मी तिला दिले. ती काही बोलली नाही.

पुढे चार वर्षांनी, कार्तिकात, वेलावर शेंगा वाळल्या होत्या. कळलावीची शेंग उकलली की आत तांबड्या-नारिंगी बियांच्या रांगा दिसतात, मण्यांसारख्या. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती परसातून आली ती मूठ मिटून. मूठ उघडली तर आत अकरा बिया. तिने एखादी तोंडात घातली होती का? विचारले तर एकदा 'हो' म्हणाली, एकदा 'नाही'. कळलावीच्या सर्व अंगांत, आणि त्यातही कंदात व बियांत, कोल्चिसीन नावाचे विष असते हे मी वाचलेले होते. संधिवाताच्या एका प्रकारावर तेच औषध म्हणून देतात, आणि रोपांतली गुणसूत्रे दुप्पट करण्याची त्याची शक्ती १९३७ साली उघडकीस आल्यापासून पीकसुधारणेतही ते वापरात आले. पण औषध आणि विष यांत अंतर फार थोडे. हे सगळे ज्ञान त्या वेळी माझ्या काय कामाचे होते? आम्ही बिया आणि वेलाचा तुकडा कागदात गुंडाळून मुलीला रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात. आता मूल हसतेखेळते आहे यावरून काहीच ठरत नाही. रात्रभर ती तिथेच होती. मी खाटेशेजारी बसून तिच्या पोटाकडे बघत होतो. सकाळी तिने उठून चहा-पोळी मागितली. बी पोटात गेलेच नव्हते, असे डॉक्टरांचे मत पडले.

घरी आल्यावर आईला म्हटले, "तू बरोबर म्हणत होतीस." ती म्हणाली, "भांडणाचं सांगितलं म्हणून निदान चार दिवस तुझ्या ध्यानात तरी राहिलं. विषाचं सांगितलं असतं तर तू पुस्तक काढून बसला असतास."

मी वेल उपटायला निघालो होतो. तिनेच थांबवले. म्हणाली, "गडग्यावर लावायची असते ती, दारात नाही." तेव्हापासून आमच्याकडे काही नियम आहेत, ते तुम्हालाही सांगतो. वेल परसाच्या टोकाला, जाळीच्या आत. फूल सुकले की शेंग धरायच्या आधीच खुडायची. बियाणे हवेच असेल तर एखादी शेंग जाळीच्या आत राखायची आणि उकलण्यापूर्वी काढून कुलपात ठेवायची. कंद कधीही स्वयंपाकघराच्या आसपास ठेवायचे नाहीत. कणगी-रताळ्यांत ते मिसळले तर अनर्थ होईल. हात लावला की साबणाने धुवायचा. आणि औषध म्हणून घरच्या घरी काहीही करायचे नाही. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आहे. ते शुद्ध करण्याचे काम वैद्याचे, आपले नव्हे. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, आणि झाडाचा तुकडा बरोबर न्यायचा. घरात रांगते मूल असेल किंवा मोकळी शेळी असेल तर काही वर्षे थांबा. फूल कुठे पळून जात नाही.

निदान मला तसे वाटत होते. तीन वर्षांपूर्वी गावी गेलो तर रस्ता रुंद करण्यासाठी तो गडगाच पाडलेला. त्या जागी सिमेंटची भिंत. ज्या कुदळीबद्दल मी आजवर स्वतःला दोष देत होतो तिने एक कंद नेला होता. इथे सगळेच गेले होते. माझ्या कुंड्यांतली कळलावी मात्र त्याच गडग्याची. नंतर नीट खणून आणलेल्या एका कंदाची ती लेकरे. पुढच्या वैशाखात सहा कंद घेऊन गेलो आणि देवळामागच्या जुन्या गडग्यात, गुरांचे तोंड पोचणार नाही अशा दगडांच्या सांदीत लावून आलो. आई बरोबर होती. जागा तिनेच दाखवली. सहापैकी चार उगवले. गेल्या भाद्रपदात त्यांतलीच दोन फुले आमच्या गौरीला मिळाली.

तेव्हा यंदा वैशाखात कंद मिळाला तर लावून बघा. आणि दिवाळीनंतर कुंडी रिकामी दिसली तर तिच्यात पाणी घालू नका, तिची माती फेकू नका. आत कोणीतरी झोपले आहे.